मशीन पळवण्याआधी घरातली वायर बघा

घरी बिटकॉइन मायनिंगचं मशीन चालवणाऱ्या आणि ओव्हरक्लॉकिंग करून त्याचा वेग वाढवू पाहणाऱ्या प्रत्येकाला एक कळकळीची विनंती आहे. सेटिंगला हात लावण्याआधी ते मशीन ज्या बोर्डाला जोडलंय तो बोर्ड वायरमनकडून उघडून बघून घ्या. मशीन बिघडलं तर पैसे जातात. वायर पेटली तर घर जातं, आणि त्या घरात माणसं झोपलेली असतात.

अँटमायनर एस१९ प्रो हे मशीन मूळ वेगातच साधारण ३,२५० वॉट वीज घेतं, म्हणजे २३० व्होल्टला १४ अँपिअर. आपल्याकडचं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं असतं. गिझरही त्यावर चालतो, पण तो पंधरा मिनिटांत बंद होतो. मायनिंगचं मशीन दिवसरात्र, महिनोन्‌महिने चालतं. सतत चालणाऱ्या लोडसाठी सॉकेटच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे १३ अँपिअरच्या आसपास थांबावं, असा जाणत्या लोकांचा शिरस्ता आहे. वेग न वाढवताच आपण त्या रेषेपलीकडे असतो.

आता वेग वाढवला की काय होतं ते बघा. चिपचा वेग वाढवायचा तर बहुतेक वेळा तिला व्होल्टेजही वाढवून द्यावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर हॅशरेट, म्हणजे मायनिंगचा वेग, वाढतो १० टक्के. वीज मात्र ३३ टक्के जास्त लागते. सोबत आलेला पॉवर सप्लाय इतक्या ओढीसाठी बनवलेलाच नसतो.

सगळ्यात जास्त काळजी मला एमसीबीची, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचची, वाटते. १६ अँपिअरचा एमसीबी १७-१८ अँपिअरला लगेच पडत नाही. तासभर तसाच उभा राहू शकतो, कारण त्याची रचनाच तशी आहे. तेवढ्या वेळात वायर तापत राहते. आणि एमसीबी वारंवार पडायला लागला की लोक काय करतात? १६चा काढून २५चा किंवा ३२चा बसवतात. कृपा करून हे कधीही करू नका. एमसीबी मशीनसाठी नसतो, भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी असतो. वायर जुनीच ठेवून मोठा एमसीबी बसवला, तर आगीला अडवणारं तिथे काहीच उरत नाही.

सैल जोडणीचा धोका तर एमसीबीला कळतच नाही. सॉकेटच्या आतला स्क्रू थोडा ढिला असेल, तर करंट तेवढाच असूनही तो सांधा तापतो. १४ अँपिअरवरून १६वर गेलात की त्या सांध्यातली उष्णता ३० टक्क्यांनी वाढते. मशीन तासभर चालल्यावर ते बंद करा, बटण बंद करून प्लग काढा आणि बघा. पिन हाताला चटका देते का? सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग पडलाय का? जळक्या प्लास्टिकचा वास येतो का? यातलं एक जरी असेल, तर सॉकेट बदलून होईपर्यंत मशीन लावायचं नाही. एक्स्टेंशन बोर्ड आणि मल्टिप्लग तर मुळीच नकोत.

उष्णतेचं गणितही सोपं आहे. मशीन जेवढी वीज घेतं, ती जवळजवळ सगळी खोलीत उष्णता म्हणून उतरते. एक टनाचा एसी तासभर पूर्ण जोरात चालून जेवढी उष्णता बाहेर टाकतो, जवळपास तेवढी हे एकच मशीन आत टाकतं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. तिथे उन्हाळ्यात वेग वाढवण्याचा विचारही नको. कोकणातला धोका वेगळा: तिथली खारी, दमट हवा बोर्डाच्या सांध्यांना खाते.

मिळकतीचंही बघा. हे मशीन दिवसाला ७८ युनिट आणि महिन्याला २,३४० युनिट घेतं. युनिटला १० रुपये धरले तरी बिल २३ हजारांपुढे जातं, आणि घरगुती दराच्या वरच्या टप्प्यात युनिट त्याहून महाग पडतं. एप्रिल २०२४मध्ये एका ब्लॉकचं बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं. नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यातून विजेचं बिल वजा करता येत नाही. घरगुती जोडणीवर असा धंदा चालवला, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंडाची आकारणीही होऊ शकते. महाग वीज जाळून १० टक्के जास्त हॅशरेट मिळवण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे: वेग थोडा उतरवा. व्होल्टेज कमी केलं की प्रत्येक युनिटमागे काम जास्त होतं, पंखे शांत होतात, चिप जास्त टिकते. तरीही वाढवायचंच असेल, तर वॉरंटी जाईल हे धरून चाला. एका वेळी एकच छोटी पायरी चढा, दुपारच्या उन्हात तापमान बघा, क्लॅम्प मीटरने करंट मोजा आणि दिवसभर तसंच चालू द्या. घरात कुणी जागं नसताना नवं सेटिंग ठेवू नका. जवळ कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक असू द्या. विजेच्या आगीवर पाणी ओतायचं नसतं.

आणि वायरमनला बोलावाल तेव्हा “कॉम्प्युटर लावायचाय” असं सांगू नका. चोवीस तास १५ अँपिअर ओढणारं मशीन आहे असं स्पष्ट सांगा. मीटरपासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र लाइन, तिला शोभेल असा एमसीबी आणि वीजगळती झाली की पडणारा आरसीसीबी मागा, मंजूर भार पुरतो का ते बिलावर बघा, आणि अर्थिंग मीटर लावून तुमच्यासमोर तपासायला लावा.