ठेकेदार आधी बोलवा, पण खडक तपासायला!



विहीर खोदायची तर आपण काय करतो? खोदणाऱ्या टोळीच्या मुकादमाला शेतात नेतो, जागा दाखवतो. शेजारच्या विहिरीत मुरूम किती परसावर संपला, काळा पाषाण कुठे लागला, ते बोलून घेतो. मग भाव ठरतो. मुरमाचा वेगळा, पाषाणाचा वेगळा. सुरुंगाचा खर्च कोणाचा, पाणी उपसायचे इंजिन कोणाचे, हेही आधीच ठरते. एवढा व्यवहार कोरडवाहू शेतकऱ्याला कळतो. हजारो कोटींचे बोगदे खोदणाऱ्या सरकारला तो कळत नाही.

परदेशात मोठ्या बोगद्यांच्या कामात ठेकेदाराला आराखडा पक्का होण्याआधी सल्ल्याला बसवतात. सल्ल्याची फी देतात. खडक तपासून झाला की मगच किंमत ठरते. हिशेबाच्या वह्या दोन्ही बाजूंना उघड्या असतात. खर्च वाचला तर वाटून, वाढला तरी वाटून. पद्धत चांगली आहे. पण 'ठेकेदार लवकर आणा' एवढेच शब्द आपल्या राज्यकर्त्यांच्या हाती पडले, तर त्याचे काय होईल?

कारण ठेकेदार लवकर येणे विदर्भाला नवे नाही. जमीन ताब्यात नसताना, जंगलाची परवानगी नसताना कामे वाटली गेली, हे महालेखापरीक्षकांनीच लिहून ठेवले आहे. गोसीखुर्द १९८३ साली ३७२ कोटींचे होते, पुढे ते १८ हजार कोटींवर गेले. २००९ साली विदर्भातल्या ३८ प्रकल्पांच्या किमती सुमारे २० हजार कोटींनी फुगल्या. ठेकेदार आधी आला, बिल आधी निघाले, पाणी मागे राहिले.

जमिनीखालच्या कामात ही घाई जिवावर उठते. शेजारच्या तेलंगणात पाहा. श्रीशैलमचे पाणी नलगोंड्याच्या कोरडवाहू, फ्लोराइडग्रस्त मुलखात नेण्यासाठी सुमारे ४४ किलोमीटरचा बोगदा २००५ साली ठेक्याने दिला. आराखडाही ठेकेदाराचा, बांधकामही त्याचेच, रक्कम ठोक. वर व्याघ्र प्रकल्पाचे जंगल, म्हणून मध्ये कूपक खणायची सोय नाही. पाच वर्षांत व्हायचे काम वीस वर्षांत झाले नाही. २२ फेब्रुवारी २०२५ ला आत छत कोसळले आणि आठ माणसे चिखलदगडात गाडली गेली. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये हेलिकॉप्टरमधून भूगर्भाची पाहणी सुरू झाली. वीस वर्षे आधी करायची गोष्ट माणसे मेल्यावर!

ठोक रकमेत खडकाचा धोका ठेकेदाराच्या गळ्यात टाकला, की सरकारला वाटते आपण सुटलो. पण खडक करारनामा वाचत नाही. काम अडते, दावे लागतात, किंमत वाढते. भरतो कोण? बोंडे भरताना एका पाण्यासाठी ज्याची कपाशी वाळते, तो.

आता वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्प आपल्या दारात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. गोसीखुर्दपासून बुलढाण्यापर्यंत सुमारे ४२६ किलोमीटर, खर्च ८७ हजार कोटींच्या वर. वाटेत बोगदेही आहेत. पाणी आम्हाला हवेच. म्हणूनच निविदेआधी आमच्या मागण्या ऐका :

१. बोगद्याच्या मार्गावर आधी बोअर घ्या, खडकाचे अहवाल मराठीत तालुक्याच्या ठिकाणी लावा.

२. ठेकेदाराला फी देऊन सल्ल्याला बोलवा. पण त्याने सांगितलेली किंमत पटली नाही, तर दुसऱ्याकडे जाण्याचा हक्क राखून ठेवा.

३. जमीन व परवानगी हातात येईपर्यंत एक पैसाही उचल नको.

४. हिशेबाच्या वह्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांना उघड्या ठेवा.

जिल्हा बैठकीत हे चार ठराव मंजूर करून गावोगावच्या ग्रामसभांत न्या. मुकादमाशी भाव ठरवणारा शेतकरी सरकारशीही भाव ठरवू शकतो.