कॉलेज वाढलं, मुलं राहणार कुठे?

जुळे सोलापुरात सध्या दोन तक्रारी ऐकू येतात. सोसायट्यांमधले लोक म्हणतात, कॉलेजांनी आमचं जगणं नकोसं केलं. गेटसमोर दुचाक्या, रात्री उशिरापर्यंत टपरीवर घोळका, कुणाचा तरी वाढदिवस म्हणून भर रस्त्यात केक. कॉलेजवाले म्हणतात, आमची जबाबदारी गेटच्या आत, बाहेर मुलं काय करतात ते आम्ही कसं बघणार? मग निवेदन दिलं जातं, नो पार्किंगचा फलक लागतो आणि चार दिवसांनी त्याच फलकाखाली गाड्या लागतात.

या भांडणात तिसरी बाजूही आहे. ज्याला कॉलेजने प्रवेश दिला पण राहायला जागा दिली नाही, आणि कॉलनीत खोली रिकामी असूनही जी त्याला मिळाली नाही, तो विद्यार्थी. त्याला कुणी विचारत नाही. तो बहुतेक वेळा आपला असतो, म्हणून हा लेख.

कॉलनीची तक्रार सगळीच खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. चौघांच्या घरावर मजला चढवून त्यात बारा कॉट टाकल्या की शेजारच्याच्या टाकीवर ताण येणारच. पण तो मजला चढवला कुणी? भाडं घेतंय कोण? जी कॉलनी विद्यार्थ्यांच्या नावाने बोटं मोडते, तिच्यातलीच बरीच घरं विद्यार्थ्यांच्या भाड्यावर हप्ते फेडतात. आणि शिक्षणसंस्थांचं काय? तुकडी वाढवायची तर वर्गखोल्या आणि प्रयोगशाळा कागदावर दाखवाव्या लागतात. मुलं झोपणार कुठे, हा प्रश्न संस्थेच्या बैठकीत कुणी गांभीर्याने मांडल्याचं आमच्या कानावर आलेलं नाही. अनुसूचित जातीच्या मुलांची फी शिष्यवृत्तीतून सरकार देतं, त्यामुळे आपली मुलं संस्थेला हवीच असतात. संध्याकाळी पाच वाजता गेट बंद झालं की तीच मुलं 'बाहेरची' होतात.

आता खोली शोधण्याचं सांगतो. दर जून-जुलैत आम्ही काही कार्यकर्ते मुलांबरोबर विजापूर रोड, सैफुल, आसरा चौक असे फिरतो. मुलं मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट, मोहोळकडची असतात, काही तुळजापूरकडची, काही सीमेपलीकडच्या इंडीचीही. पहिला प्रश्न गावाचा, दुसरा आडनावाचा. आडनावावरून उलगडा झाला नाही तर 'पूर्ण नाव सांग बाळा'. तरीही झाला नाही तर 'गावात घर कुठल्या बाजूला?' इतकी चौकशी कर्ज देताना बँकसुद्धा करत नाही. मग उत्तर येतं, 'खोली कालच गेली की ओ.' त्याच घरी संध्याकाळी दुसऱ्या आडनावाचा मित्र जातो, तेव्हा गेलेली खोली परत आलेली असते.

हल्ली जात थेट विचारायची लाज वाटते, म्हणून स्वयंपाक विचारतात. 'आमच्यात नॉनव्हेज चालत नाही.' अरे, मुलगा मेसचा डबा खाणार आहे! त्याच्या खोलीत गॅससुद्धा नसतो. मुस्लिम मुलाला तर बऱ्याचदा एवढंही कारण दिलं जात नाही. हा फक्त सोलापूरचा अनुभव आहे असंही नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात वेगवेगळ्या आडनावांनी भाड्याच्या घरांची चौकशी करून अभ्यास केला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध केला. सवर्ण आडनावाला सहज होकार मिळत होता. दलित आडनावाला नकार किंवा जादा अटी मिळत होत्या, मुस्लिम नावाला त्याहून जास्त. बडोद्याचा प्रसंग आपल्या सगळ्यांना पाठ आहे. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना नोकरी होती, पगार होता, फक्त शहरात राहायला छप्पर मिळत नव्हतं. आज त्याच अडचणीला ब्रोकर, डिपॉझिट आणि 'फॅमिली एरिया' अशी नवी नावं आहेत.

इथे सरकार कुठे आहे? सरकारने एक योजना आणली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. शासकीय वसतिगृहात ज्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना प्रवेश मिळत नाही, त्यांच्या खात्यात जेवण, निवास आणि निर्वाहासाठी पैसे. अनेक मुलं या पैशांवर शिकली, ते नाकारण्याचं कारण नाही. पण योजनेच्या मुळाशी काय आहे ते नीट बघू. वसतिगृह बांधणं ही सरकारची जबाबदारी होती. त्याऐवजी सरकारने मुलाच्या हातात पैसे दिले आणि त्याला त्याच बाजारात पाठवलं जिथे आडनाव विचारतात. रक्कम तरी किती? योजना सुरू झाली तेव्हा निवासाचा भत्ता मोठ्या शहरांसाठी वर्षाला २० हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी १२ हजार होता. १२ हजार म्हणजे महिन्याला १ हजार. या पैशात जुळे सोलापुरात एक कॉट मिळवून दाखवा. तोही हप्ता वेळेवर येत नाही. घरमालक मात्र भाडं एक तारखेला मागतो.

आणि खरी मेख कागदात आहे. स्वाधारसाठी भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो, भाडेकरारनामा लागतो. खोली कशीबशी मिळाली तरी मालक करारनामा देत नाही. 'कागदाबिगदाच्या भानगडीत आम्ही पडत नाही.' कागद नाही म्हणून अर्ज अडतो, अर्ज अडला म्हणून भाडं थकतं, भाडं थकलं म्हणून मुलगा खोली सोडतो. मग हजेरी कमी पडते आणि लोक म्हणतात, यांना सवलती दिल्या तरी शिकत नाहीत! कॉलनीतल्या एका मालकाची सही एवढा मोठा अडथळा ठरू शकते, हे मंत्रालयातल्या कुणाच्या लक्षात आलं नसेल का?

महाराष्ट्रात एके काळी हा क्रम उलटा होता. आधी वसतिगृह, मग कॉलेजचं नाव. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. गावातून आलेल्या मुलाला शहर घर देणार नाही, हे राजाला कळत होतं. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं. कुठे? मुंबईत नाही, पुण्यात नाही. आपल्या सोलापुरात! मुलांच्या राहण्याजेवणाचा, कपड्यांचा, वह्यापुस्तकांचा खर्च सभा उचलत होती. सोलापूर नगरपालिका त्याला महिन्याला ४० रुपये अनुदान देत होती. त्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिकही काढलं. डोक्यावर छप्पर आल्यावर मुलं काय करतात, त्याचा हा पुरावा. पुढे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघालं तेव्हाही नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहं उभी राहिली.

२०२५ च्या जानेवारीत सोलापूरच्या त्या वसतिगृहाला शंभर वर्षं झाली. इंग्रजांच्या काळातल्या नगरपालिकेला जे सुचलं, ते आजच्या महानगरपालिकेला का सुचू नये? नवं बांधकाम, वाढीव मजला, नवी तुकडी यांच्या परवानगीबरोबर 'तुमच्या बाहेरगावच्या मुलांपैकी किती मुलं कॅम्पसमध्ये राहणार?' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. वसतिगृह झालं तर कॉलनीचा त्रासही अर्धा कमी होतो. म्हणजे या मागणीत कॉलनी आपल्या बाजूने येऊ शकते, आणि तिला आणलं पाहिजे. पार्किंगच्या निवेदनावर सह्या करणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांकडे आपणच वसतिगृहाचं निवेदन घेऊन गेलो तर?

कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त तो वापरला जात नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५, कलम ४ वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कुठल्याही वस्तीत राहती जागा घेण्यास किंवा तिथे राहण्यास अडवणं हा गुन्हा आहे. त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं की पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरून झालं असं न्यायालय गृहीत धरेल, आणि तसं नव्हतं हे समोरच्याने सिद्ध करायचं. करारनाम्याचंही तसंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'भानगडीत पडत नाही' म्हणणाऱ्या मालकाला हे कलम शांतपणे वाचून दाखवायचं. आवाज चढवायची गरज पडत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याच लोकांना सांगायची आहे. जुळे सोलापुरात आता आपल्याही नोकरदारांचे बंगले आहेत. दारावर पंचशील ध्वज आणि हॉलमध्ये बाबासाहेबांची तसबीर असते. वरचा मजला मात्र बँकेतल्या साहेबासाठी राखून ठेवलेला असतो, 'विद्यार्थी नकोत, दंगा करतात.' काही ठिकाणी बौद्ध मुलाला खोली मिळते, मातंग मुलाला मिळत नाही, मुस्लिमाला तर नाहीच. असं घर आम्हाला आंबेडकरी वाटत नाही, मग कुणाला राग येवो. जयंतीला पाच हजारांची वर्गणी देण्यापेक्षा एक खोली रीतसर करारनाम्यासह दोन मुलांना द्या. वर्गणीचं पुढच्या वर्षी बघू.

खोल्या शोधण्याचं काम जूनमध्ये सुरू करून उपयोग नाही, तोवर कॉट भरलेल्या असतात. यंदा मे महिन्यातच घरमालकांची यादी करायची आहे. कोण करारनामा देतो आणि कोण आडनाव विचारतो, याच्या दोन वेगळ्या वह्या. ज्यांना खोली नाकारली गेली त्यांनी तारीख, पत्ता आणि मालक काय म्हणाला ते शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत. तक्रार अर्जाला तेच लागतात. आणि ज्यांच्याकडे द्यायला खोली आहे त्यांनी आम्ही यायची वाट बघू नये.