विष कंदातले, की भुकेचे?

आपण साबुदाणा खातो तो कसावा नावाच्या कंदाचा. साबुदाणा धुऊन काढलेल्या सत्त्वाचा असतो, त्याची भीती नको. पण आफ्रिकेत हा कंद कोट्यवधी गरिबांची भाकरी आहे आणि त्याच्या कडू जातींतून सायनाइड सुटते.

आपल्या पेशींत अन्न आणि प्राणवायू यांच्या मेळाने शक्ती तयार होते. या कामातील शेवटच्या विकरातील लोहाला सायनाइड चिकटते. मग रक्तात प्राणवायू असूनही पेशीला तो वापरता येत नाही. तिजोरी भरलेली, पण कुलूप उघडत नाही, अशी गत! मात्रा मोठी असेल तर मेंदू आणि हृदय बंद पडून काही मिनिटांत माणूस दगावतो.

कंद काही दिवस भिजवून वाळवला की विष बरेच जाते. तिथल्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु १९८१ साली मोझांबिकच्या नामपुला प्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळात कंद अधिक विषारी होतो. घरात दुसरे अन्न नव्हते. भिजवत बसायला सवड कुठली? ११००हून अधिक लोकांचे पाय कायमचे ताठरले. त्यांत बायका-मुलेच जास्त. या आजाराला कोंझो म्हणतात. थोडे सायनाइड शरीर स्वतः निकामी करते, पण त्यासाठी प्रथिनांतले गंधक लागते. ताटात डाळ नाही, मासळी नाही, तर ते येणार कुठून?

कसाव्याचे पीठ ओले करून पातळ पसरावे आणि दोन तास उन्हात ठेवावे, म्हणजे बरेचसे विष वायू होऊन उडून जाते. हा सोपा उपाय आता तिकडे शिकवतात. तो हवाच. पण त्या बायका अडाणी नव्हत्या, उपाशी होत्या, हे विसरू नये.