घामाचे दाम आणि मैदानाचा परवाना

२० मार्च २०२२ रोजी गोव्यातील फातोर्डा येथे हैदराबाद एफसी या संघाने इंडियन सुपर लीगचे अजिंक्यपद पटकाविले. देशातील अव्वल दर्जाच्या स्पर्धेचा करंडक उंचावणाऱ्या या संघाची पुढील दोन वर्षांत जी दशा झाली, ती भारतीय फुटबॉलच्या कारभारावर लख्ख प्रकाश टाकणारी आहे. २०२३-२४ च्या हंगामात खेळाडूंची वेतने थकली, बहुतेक परदेशी खेळाडू करार संपुष्टात आणून चालते झाले, नवे खेळाडू नोंदविण्यास ‘फिफा’ने बंदी घातली, आणि उरलेल्या, मुख्यत्वे तरुण भारतीय खेळाडूंच्या बळावर उभा राहिलेला हा संघ गुणतक्त्याच्या तळाशी जाऊन बसला. २०२४ मध्ये मालक बदलले, २०२५ मध्ये संघाने हैदराबादही सोडले आणि तो नव्या नावाने दिल्लीस गेला. अजिंक्यपदाचा करंडक ज्याच्या कपाटात आहे, त्याच्या तिजोरीत महिनाअखेरचा पगार नाही, असे चित्र दुसऱ्या कोणत्या व्यवसायात क्वचितच दिसेल.

हैदराबादच्या या कहाणीशी अहिल्यानगरच्या वाचकांचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. हा संघ जन्मास आला तोच मुळी पुण्याच्या संघाच्या जागी. २०१४ मध्ये स्थापन झालेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये मालक समूहाच्या आर्थिक अडचणीमुळे मोडीत निघाला आणि त्याची रिकामी जागा हैदराबादने घेतली. दुसरे असे की, आमच्या वाडिया पार्कवर किंवा एखाद्या शाळेच्या मैदानावर चेंडूमागे धावणाऱ्या मुलाने फुटबॉल हाच आपला व्यवसाय करण्याचे मनात आणले, तर त्याची पहिली नजर पुण्याकडे जाते. पुण्यात त्याच्यासाठी काय शिल्लक राहिले आहे, हे पाहणे म्हणूनच आम्हांस अगत्याचे वाटते.

पुण्याचा हिशेब विषण्ण करणारा आहे. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी हा संघ २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि २०१५ नंतर मैदानावरून नाहीसा झाला. भारत एफसी हा दुसरा संघ आय-लीगचा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्सने २०१७ मध्ये माघार घेतली. त्याचा मालक उद्योगसमूह स्वतःच ठेवीदारांच्या देण्यांनी घेरला गेला. चौथ्या एफसी पुणे सिटीची गत वर सांगितलीच आहे. एका शहरात अवघ्या पाच वर्षांत चार व्यावसायिक संघ मावळावेत, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. या चारही संघांचा आधार कोणा एका उद्योगसमूहाची थैली हाच होता. ती थैली आटली, किंवा थैलीच्या धन्याचा उत्साह ओसरला, की संघ संपला.

संघ बंद पडणे हा गुन्हा नव्हे, हे आम्ही प्रारंभीच मान्य करतो. १९६२ मध्ये स्थापन झालेला मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता होता. कंपनीने तो २०१० मध्ये पूर्वसूचना देऊन, हंगाम संपल्यावर बंद केला. चाहते हळहळले, परंतु कंपनीचा तो अधिकार होता. गोव्याच्या धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग या तीन संघांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले, तेही धोरणाविषयीचा मतभेद उघडपणे सांगून. दुकान बंद करणे वेगळे आणि नोकरांचे पगार बुडवीत दुकान चालू ठेवणे वेगळे. आमचा आक्षेप या दुसऱ्या प्रकारास आहे.

पूर्वीचा खेळाडू श्रीमंत नव्हता, पण सुरक्षित होता. रेल्वे, बँका, एअर इंडिया, टाटा अशा संस्थांच्या संघांतून खेळणारा माणूस त्या संस्थेचा नोकर असे. सकाळी सराव, दुपारी टेबलावरचे काम आणि एक तारखेला पगार, असा त्याचा क्रम होता. गुडघा दुखावला तरी नोकरी जात नसे, आणि खेळ संपल्यावरही निवृत्तीपर्यंतची सोय असे. व्यावसायिक क्लबांनी ही व्यवस्था मागे टाकली. त्यांनी खेळाडूस अधिक मोबदला देऊ केला, आणि त्या बदल्यात त्याची शाश्वती काढून घेतली. हा सौदा न्याय्य ठरावयाचा तर एक अट पाळली गेलीच पाहिजे: करारात लिहिलेला मोबदला ठरल्या दिवशी हाती पडला पाहिजे. दहा-बारा वर्षांचे आयुष्य असलेल्या या व्यवसायात सहा महिन्यांचे वेतन बुडणे म्हणजे काय, याचा विचार महिन्याच्या पगारावर संसार चालविणाऱ्या प्रत्येक वाचकाने करून पाहावा.

पैसा आटतो का, याचे उत्तर क्लबांच्या जमाखर्चातच आहे. तिकिटविक्री तुटपुंजी, प्रक्षेपणाच्या हक्कांतून येणारा वाटा मर्यादित आणि खेळाडू विकून मिळणारी रक्कम अनिश्चित. उलटपक्षी प्रवास, निवास, प्रशिक्षक आणि परदेशी खेळाडू यांचा खर्च मात्र ठरलेला. दोहोंमधील खड्डा दरवर्षी मालकाने भरावयाचा, हीच या धंद्याची रीत होऊन बसली आहे. २०२५ मध्ये तर आणखी एक गोष्ट उघड झाली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आपल्या व्यापारी भागीदाराशी केलेला पंधरा वर्षांचा करार संपत आला, त्याच्या नूतनीकरणाचा निर्णय वेळेवर झाला नाही, आणि जुलै २०२५ मध्ये संपूर्ण स्पर्धाच तहकूब झाली. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीसारख्या नावाजलेल्या क्लबानेही खेळाडू व कर्मचाऱ्यांची वेतने थांबविली. डिसेंबरमध्ये मुंबई सिटी या क्लबातून सिटी फुटबॉल ग्रुप या बलाढ्य परदेशी भागीदाराने काढता पाय घेतला. एरवी सप्टेंबरात सुरू होणारा हंगाम १४ फेब्रुवारी २०२६ रोजी, तोही आखूड स्वरूपात, सुरू झाला. करार लांबविला तो पदाधिकाऱ्यांनी. झळ लागली ती मैदानावरील माणसास.

हे दुखणे केवळ आमच्याच देशाचे नाही. खेळाडूंच्या ‘फिफप्रो’ या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शेकडा ४१ खेळाडूंनी मागील दोन हंगामांत आपले वेतन उशिरा मिळाल्याचे सांगितले होते. फुटबॉलची जन्मभूमी म्हणविणाऱ्या इंग्लंडमध्ये बरी या गावाच्या क्लबाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९०० आणि १९०३ मध्ये एफए कप जिंकणारा हा क्लब २०१८ च्या अखेरीस एक पौंड किमतीस विकला गेला. २०१९ च्या वसंतात खेळाडूंचे पगार थकलेले असतानाही त्यांनी संघास वरच्या श्रेणीत नेले. आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला, क्लबाकडे हंगाम पार पाडण्याइतका पैसा असल्याचा पुरावा न मिळाल्याने, तो लीगमधून काढून टाकण्यात आला. खेळाडूंनी मैदानावर कमावलेले मालकाने कचेरीत घालविले. पुढे इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून फुटबॉलवर स्वतंत्र नियामक नेमला, यावरून त्या देशास या प्रश्नाचे गांभीर्य किती वाटले हे दिसून येईल.

‘फिफा’चे नियम कागदावर कडक आहेत. दोन महिन्यांचे वेतन थकल्यास खेळाडूने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी आणि तरीही पैसे न मिळाल्यास करार मोडावा, अशी तरतूद आहे. देणे चुकविणाऱ्या क्लबावर नवे खेळाडू घेण्याची बंदीही येते. परंतु या दोन्ही उपायांत एकच वैगुण्य आहे: ते पैसे बुडाल्यानंतर जागे होतात. बंदीने क्लबास शिक्षा होते. खेळाडूच्या घरात त्यामुळे धान्य येत नाही. परदेशी खेळाडू करार मोडून दुसरा देश गाठतो. ज्या भारतीय तरुणास दुसऱ्या क्लबाचे बोलावणे नाही, तो मात्र थकलेल्या पगाराच्या आशेवर तेथेच खेळत राहतो.

येथे आमच्या जिल्ह्याचा अनुभव उपयोगी पडावा. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून ‘माल दिला, दाम केव्हा?’ हा प्रश्न नगर जिल्ह्यास घरचा झाला आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने त्यास उत्तर दिले: ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत रक्कम द्यावी, न दिल्यास शेकडा १५ दराने व्याज. शिवाय थकबाकीदार कारखान्याचा गाळप परवाना साखर आयुक्त रोखून धरू शकतात, आणि रक्कम महसुली थकबाकीप्रमाणे वसूल करण्याचा आदेशही काढता येतो. ही व्यवस्था निर्दोष आहे असे येथील शेतकरी म्हणणार नाही. परवाना अडला की ऊस शेतात वाळतो, म्हणून दरवर्षी सवलतीसाठी दडपण येते, हे तो जाणतो. तरीही तिच्यातील तत्त्व निर्विवाद आहे: मागचे देणे फेडल्यावाचून पुढचा हंगाम नाही.

हेच तत्त्व फुटबॉलास लावावे, आणि त्यातील उणीवही भरून काढावी, असे आम्ही सुचवितो. क्लबांस परवाना देण्याची पद्धत आपल्याकडे आज आहेच. तिच्या निकषांत थकीत वेतन नसावे ही अटही आहे. परंतु परवाना नाकारलेल्या क्लबास सवलतीची वाट मोकळी राहिली, तर निकष शोभेचा ठरतो. म्हणून वेतनाच्या बाबतीत सवलत हा शब्दच काढून टाकावा. दुसरे, प्रत्येक क्लबाने हंगामापूर्वी किमान चार महिन्यांच्या वेतनाइतकी बँक हमी महासंघाकडे ठेवावी, आणि वेतन थकताच ती वटवून खेळाडूंचे व मैदानावरील कर्मचाऱ्यांचे पैसे परस्पर चुकते करावेत. तिसरे, मालक बदलला किंवा संघ दुसऱ्या शहरी गेला, तरी जुने देणे परवान्यासोबत जावे. नाव बदलल्याने कर्ज फिटत नाही.

यावर आक्षेप येईल की, अशा अटींनी छोटे क्लब जगणारच नाहीत. चौदांचे दहा होतील. आम्हांस हा आक्षेप हलका वाटत नाही, कारण जेवढे क्लब कमी तेवढ्या तरुणांच्या संधी कमी. तथापि, चार महिन्यांच्या पगाराची हमी ज्यास देता येत नाही, त्याने पंचवीस माणसांशी वर्षाचा करार करणे हीच मुळात फसवणूक होय. अशा क्लबाने खालच्या श्रेणीत, आपल्या ऐपतीच्या संघानिशी खेळावे; त्यात कमीपणा नाही. पगार बुडविणारे चौदा क्लब असण्यापेक्षा पगार देणारे दहा असणे खेळाच्या हिताचे आहे.

साधने आज उपलब्ध आहेत. महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे, असे २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेली वेतन संहिता सांगते. खेळाडू हा नोकर की कंत्राटी कलावंत, असा कीस काढून त्यास या न्यायापासून दूर ठेवण्याचे कारण नाही. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदाही २०२५ मध्ये झाला असून त्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. २००६ पासून खेळाडूंची स्वतःची संघटनाही आहे. उणीव आहे ती महासंघाने क्लबमालकांस ‘प्रथम पगार, मग सामना’ असे निक्षून सांगण्याची. ते सांगितले जाईपर्यंत, मुलास पुण्या-मुंबईच्या क्लबात पाठवू पाहणाऱ्या नगरच्या पालकांनी करारावरील आकड्याबरोबरच त्या आकड्यामागे हमी कोणाची आहे, हेही अवश्य विचारावे. उसाच्या पावतीकडे ज्या डोळ्यांनी आपण पाहतो, त्याच डोळ्यांनी या कराराकडे पाहणे शहाणपणाचे ठरेल.