माघारी वळलेल्या बोटी

यावलला समुद्र नाही. वादळ म्हटले की आम्हांला आडवी झालेली केळीची बाग आठवते. तरीही सिडनी-होबार्ट ही १९४५ पासूनची, ६२८ सागरी मैलांची शिडाच्या बोटींची शर्यत मला विचारात पाडते. १९९८ साली बासच्या सामुद्रधुनीत वादळ उठले. निघालेल्या ११५ बोटींपैकी ४४ पोचल्या, ६ जणांचा जीव गेला. पुढे जायचे की नाही, हे तिथे कप्तानच ठरवतो. ढाली पोचलेल्यांना मिळतात. माझा मुजरा मात्र वेळीच वळलेल्यांना. आपल्या दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही चार बंदरांत थांबत. त्यात कुणाला कमीपणा दिसला नाही. आमच्या गल्लीत मात्र इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आलेल्या मुलाशी शेजारी अजून धड बोलत नाहीत.