अविरोधाचा मोह

एका मंडळाच्या व्याख्यानमालेत काही महिन्यांपूर्वी एका विद्वान वक्त्यांचे 'विज्ञानातील क्रांत्या आणि आपली परंपरा' या विषयावर भाषण झाले. वाणी ओघवती, संस्कृत वचने मुखोद्गत, सभागृह भरलेले. सांगणे थोडक्यात असे होते : कोपर्निकसने १५४३ मध्ये जे म्हटले ते आर्यभटाने हजार वर्षे आधी म्हटले होते, न्यूटनचे गुरुत्वाकर्षण भास्कराचार्यांनी पाचशे वर्षे आधी सांगितले होते, पुराणांनीही तेच सांगितले, फक्त रूपकाच्या भाषेत. तेव्हा युरोपात क्रांती व्हावी लागली, आपल्याकडे तिची गरजच पडली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी उठून काही बोललो नाही. तो भित्रेपणाच होता, आणि त्याची थोडीफार भरपाई म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम आर्यभट. इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे त्याने निःसंशय म्हटले आहे. ती सूर्याभोवती फिरते असे मात्र म्हटलेले नाही. कोपर्निकसच्या आणि त्याच्या म्हणण्यात जे अंतर आहे ते इथेच आहे. पण ते सोडून देऊ. त्याने जे म्हटले त्याचे पुढे काय झाले? ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये त्यावर आक्षेप घेतले, आर्यभटाच्याच परंपरेतील अनेक टीकाकारांनी ते वचन वळवून निरुपद्रवी केले, आणि भास्कराचार्यांच्या गोलाध्यायातही पृथ्वी अचलच राहिली. खरी गोष्ट आपल्याकडे सांगितली गेली आणि हजार वर्षे ती बाजूस ठेवली गेली, हा जर इतिहास असेल तर त्यात आधी अभिमान वाटावा की आधी प्रश्न पडावा?

आता पुराणे. विष्णुपुराणात पृथ्वीपासून लक्ष योजनांवर सूर्य, आणि सूर्याच्याही वर लक्ष योजनांवर चंद्र आहे. एकटे जंबुद्वीपच लक्ष योजने विस्ताराचे. भास्कराचार्य ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वी गोल मानतात आणि तिचा परिघ ४९६७ योजने देतात. योजनाच्या लांबीविषयी कितीही मतभेद असोत, हे दोन आकडे एका पृथ्वीचे असू शकत नाहीत. आणि चंद्र जर सूर्याच्या पलीकडे असेल तर सूर्यग्रहणात तो सूर्याला झाकणार कसा, हे कोणत्या रूपकाने सांगावे? भास्कराचार्यांना हा विरोध पुरता ठाऊक होता. पृथ्वीला आधार लागत असेल तर त्या आधाराला कोणता आधार, असे विचारून त्यांनी शेष-कूर्मांची वाट बंद केली. पण ग्रहणापाशी येताच तेच भास्कराचार्य म्हणतात, की देवाच्या वरामुळे राहू पृथ्वीच्या छायेत शिरतो, म्हणजे गणितही खरे आणि शास्त्रवचनही खरे. एवढ्या मोठ्या माणसाचा हात इथे थरथरला. त्याला मी दोष देत नाही. बाराव्या शतकात त्यांनी जेवढे केले तेवढे पुष्कळ होते. दोष आहे तो त्या थरथरीचीच परंपरा करणाऱ्यांचा.

या वृत्तीला आपल्याच भाषेत चांगला शब्द आहे : अविरोध. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाचे नावच ते आहे, आणि तत्त्वचर्चेत त्याचे स्थान मानाचे आहे. परंतु निसर्गाविषयीची दोन विधाने एकमेकांना छेदत असतील तेव्हा दोन्हींना राखणे याला समन्वय म्हणत नाहीत, तपासणी टाळणे म्हणतात.

हे सगळे मी बाहेरून शिकलेल्या भाषेत बोलत नाही. हा वाद माळव्यात, मराठीत, एकशे ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. इंदूरहून भोपाळला जाताना भोपाळच्या अलीकडे सिहोर लागते. आपल्यापैकी किती जणांनी तिथे थांबून चहा घेतला असेल! याच सिहोरला १८३० नंतरच्या दशकात लॅन्सलॉट विल्किन्सन हा कंपनी सरकारचा भोपाळचा एजंट राहत असे. लोकांना नवे ज्योतिष शिकवायचे तर आधी त्यांच्याच सिद्धान्तग्रंथांतून शिकवावे, हे मत त्याने १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडले होते. त्याच्या सहवासातील सुबाजी बापू या मराठी पंडिताने १८३६ मध्ये मराठीत 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' लिहिला. पुराणांचे मत, सिद्धान्तांचे मत आणि कोपर्निकसचे मत अशी तिन्ही शेजारी शेजारी ठेवून त्यांची तुलना त्यात आहे. पुराणांच्या भूगोलापुढे सिद्धान्त सरस, आणि सिद्धान्तांपुढे कोपर्निकस सरस, असा तो जिना आहे.

पुण्यात खळबळ झाली. तिथले ज्योतिषी यज्ञेश्वर तथा बाबा जोशी रोडे यांनी उत्तर लिहिले, आणि त्याचे नावच 'अविरोधप्रकाश' ठेवले. पुराणे आणि सिद्धान्त यांत विरोध नाहीच, हे दाखवण्याचा तो खटाटोप. रोडे अडाणी नव्हते, गणितात पारंगत होते. म्हणूनच तो ग्रंथ इतका बोलका आहे. सुबाजींनी १८३७ मध्ये 'अविरोधप्रकाशविवेक' लिहून त्याचा समाचार घेतला. आमच्या वक्त्यांचे भाषण ऐकताना मला वाटले, रोडे परत आले आहेत. फरक एवढाच, की मूळचे रोडे पुराण आणि सिद्धान्त यांचीच मोट बांधत होते, नव्यांनी तीत न्यूटनलाही घातले आहे, आणि गणित मात्र बाहेर ठेवले आहे.

कोणी म्हणेल, युरोपात तरी सगळे शूरच होते काय? मुळीच नाही. कोपर्निकसच्या ग्रंथाला ओसियांडर नावाच्या धर्मोपदेशकाने निनावी प्रस्तावना जोडली : हे खरे आहे असे मानू नका, गणिताची सोय म्हणून घ्या. तोही अविरोधप्रकाशच. टायको ब्राहीने ग्रहांना सूर्याभोवती फिरवले आणि सूर्याला पुन्हा पृथ्वीभोवती, तोही समझोता. रोमच्या चर्चने १६१६ मध्ये कोपर्निकसच्या ग्रंथाला अडकवले, आणि गॅलिलिओने १६३२ मध्ये पंडितांची लॅटिन बाजूस ठेवून लोकांच्या इटालियनमध्ये संवाद लिहिला तेव्हा पुढच्याच वर्षी त्याला गुडघे टेकायला लावले. निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून हे ग्रंथ गळले ते १८३५ च्या आवृत्तीत. म्हणजे रोमने हात मागे घेतला त्याच्या पुढच्याच वर्षी सिहोरचा मराठी पंडित कोपर्निकसची बाजू मांडत होता. आपण मागे होतो, असे म्हणण्याची घाई नको ती यासाठी.

पण युरोपात आणखी एक गोष्ट घडली. टायकोच्या मंगळवेधांवर केप्लर वर्षानुवर्षे राबला. वर्तुळांची उत्तम जुळणी झाली, आणि फरक उरला अवघा आठ कलांचा, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या साधारण चतुर्थांशाएवढा. दुसऱ्या कोणी तो वेधाच्या चुकीवर ढकलला असता. टायकोचा हात एवढा चुकणार नाही, हे केप्लरला ठाऊक होते. त्याने आठ कलांचा विरोध मिटवला नाही, त्याच्यापायी वर्तुळ टाकले, आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ जगापुढे ठेवले. दोन हजार वर्षांचे पवित्र वर्तुळ आठ कलांनी मोडले. मला विज्ञानातील क्रांती म्हणजे काय असे कोणी विचारले, तर मी या आठ कला दाखवीन. ती एखाद्याला आधी सुचलेल्या वचनाचे नाव नव्हे.

न्यूटनचेही तसेच. पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, हे भास्कराचार्यांनी म्हटले आहे आणि ते सुंदर आहे. न्यूटनने विचारले, की दगडाला ओढणारी हीच शक्ती चंद्रालाही धरून ठेवते का, आणि मग हिशेब मांडला. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून तिच्या साठ त्रिज्यांवर. शक्ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असेल तर तिथे ती ३६०० पट कमी हवी. म्हणजे दगड एका सेकंदात जेवढा खाली येतो तेवढा चंद्र एका मिनिटात यायला हवा. चंद्र येतो. आकाशाचे नियम वेगळे आणि मातीचे वेगळे ही समजूत त्या एका त्रैराशिकात संपली. ओढ हा शब्द आधी कोणी वापरला हा प्रश्न यापुढे फार लहान होतो.

आणखी एक आक्षेप मला ठाऊक आहे : सुबाजींना इंग्रजाने बोलते केले, त्यामागे राज्यकर्त्यांचे हेतू होते. होते. पण पृथ्वी कोणाच्या हेतूने फिरत नाही. शिवाय कोपर्निकसची बाजू घेताना सुबाजींच्या हाती आज आपण ज्याला निर्णायक म्हणतो ते प्रमाणही नव्हते. पृथ्वी वर्षभरात जागा बदलते म्हणून जवळचा तारा किंचित सरकलेला दिसावा, हा लंबन-कोन बेसेलने मोजून जाहीर केला तो १८३८ मध्ये. जेवढा आधार हाती होता तेवढ्यावर, स्वतःच्या जातभाईंचा रोष पत्करून त्यांनी भूमिका घेतली. ती घेणाऱ्याला इंग्रजाचे बाहुले म्हणणे सोपे आहे.

तरी सुबाजींची मूर्ती करून तिला हार घालू नये. विल्किन्सनने १८३९ मध्ये जातिव्यवस्थेवर प्रहार करणारी, अश्वघोषाच्या नावावरची 'वज्रसूची' छापवली. त्याच पुस्तकात तिचे खंडन करणारा 'लघुटंक' आहे, आणि तो लिहिणारे आहेत आपले सुबाजी बापू. पृथ्वीला तिच्या स्थानावरून हलवायला जो माणूस कचरला नाही तो माणसांची उतरंड हलवायला कचरला. आकाशाविषयी शास्त्रवचनाला प्रश्न विचारायचा आणि माणसाविषयी तेच वचन प्रमाण मानायचे, ही तडजोड त्यांनी केली. आपल्या समाजात ज्ञानाची क्रांती अर्ध्यावर का थांबली याचे उत्तर शोधणाऱ्याने हे पुस्तक वाचावे. हीच 'वज्रसूची' पुढे फुल्यांच्या वर्तुळातील लोकांच्या हाती पडली आणि तिथे तिला वेगळे वाचक मिळाले, तो स्वतंत्र विषय आहे.

आपले काय? २२ जुलै २००९ च्या सकाळी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरत, वडोदरा, इंदूर, भोपाळ असा गेला. जणू आपल्या मराठी वस्त्यांची यादी घेऊनच तो निघाला होता. पावसाळी ढगांनी पुष्कळ ठिकाणी दर्शन चुकले. पण ढग नसते तरी कितीशा घरांची दारे उघडली असती? ग्रहणाचा स्पर्श-मोक्ष मिनिटापर्यंत सांगणारे पंचांग आपण घेतो. त्यामागे केरो लक्ष्मण छत्र्यांची १८६० ची कोष्टके आहेत, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील बागलकोटला शिक्षकी करता करता 'ज्योतिर्गणित' रचणारे व्यंकटेश बापूजी केतकर आहेत. पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे म्हणून या लोकांनी सनातन्यांशी आयुष्यभर वाद घातले. त्याच पानावरून आपण वेळ घेतो केप्लर-न्यूटनची, आणि सुतक पाळतो राहूचे. पाळणाऱ्याने पाळावे, आजीच्या हातचे ग्रहणाचे स्नान मलाही आठवते. परंतु ही दोन्ही एकच आहेत असे व्यासपीठावरून सांगू नये, आणि सांगितले तर टाळ्या देऊ नयेत.

माझी तक्रार वक्त्यांपेक्षा आपल्याशी अधिक आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून आपण मराठी टिकवली ती कीर्तनात, नाट्यगीतांत, गणेशोत्सवात आणि पुरणपोळीत. ते गोडच आहे. पण याच माळव्यात मराठी ही एकेकाळी भांडणाची भाषा होती. सूर्य मध्ये की पृथ्वी मध्ये, हे तिच्यात भांडले गेले होते. त्या मराठीला आपण वारस ठेवला नाही. आपल्या व्याख्यानमालांत भाषणानंतर प्रश्नोत्तरे ठेवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी बंद झाली आहे. वेळेअभावी, असे सांगितले जाते. अल्पोपाहाराला वेळ पुरतो.

पुढच्या वर्षीच्या मालेत अर्धा तास श्रोत्यांसाठी राखून ठेवावा, अशी लेखी सूचना मी आमच्या मंडळाला दिली आहे. आणि सभासदांना एक विनंती. 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' मला अजून पाहायला मिळालेला नाही. मी जाणतो ते इतरांच्या लेखनातून. सिहोर, भोपाळ, देवास, उज्जैन, इंदूर इकडच्या जुन्या वाड्यांत आजोबा-पणजोबांच्या पोथ्यांच्या पेट्या अजून आहेत. त्यांत हे मराठी पुस्तक किंवा 'लघुटंक' असलेली 'वज्रसूची' सापडली, तर रद्दीत देण्यापूर्वी मंडळाच्या ग्रंथालयाला एक पोस्टकार्ड टाकावे. न्यायला मी स्वतः येईन.