शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. मराठीत शीत म्हणजे भाताचा एक दाणा. कोंकणीत शीत म्हणजे ताटात वाढलेला सबंध भात. दोन्ही भाषा ज्यांच्या घरात नांदतात, त्या आपल्या समाजाच्या जिभेला भातातली लबाडी तरी ओळखता यावी, ही अपेक्षा गैर ठरू नये. परंतु गेल्या वर्षभरात सिल्वासात तीन वेळा जे जेवण आमच्या वाट्याला आले, आणि त्यावर आपल्याच मंडळींनी जे अभिप्राय दिले, ते पाहता ही अपेक्षाही आता धाडसाची वाटू लागली आहे.

सिल्वासा वाचकांना अपरिचित नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. त्या लढ्यात गोव्याची व महाराष्ट्राची तरुण मंडळी एकत्र उतरली होती आणि त्यांत सुधीर फडके यांच्यासारखे गायकही होते. पुढे करसवलतींमुळे कारखाने आले, कारखान्यांमागून आपली कुटुंबे आली. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आहे, इथे नाही. म्हणून शनिवार-रविवारी सुरत-वापीकडून मोटारी येतात आणि हॉटेलांची रांग वाढत जाते. अशा गावात ताट हे पेल्याचे तोंडीलावणे होऊन बसते, आणि तोंडीलाव्याची चिकित्सा कोणी करीत नाही. याच रांगेतील एका नव्या उपाहारगृहात ‘सुशी’ हा जपानी पदार्थ मिळू लागला. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एका दुकानावर दगड मारावा एवढ्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही.

सुशी म्हणजे कच्चा मासा, अशी सर्वत्र समजूत आहे; ती चुकीची आहे. माशाच्या नुसत्या कापांना जपानी माणूस साशिमी म्हणतो. सुशीचा प्राण भात आहे: शिरका, मीठ व साखर लावलेला आंबटसर भात. मासा, काकडी, अंडे ही त्याची सोबत. मुळात हा मासा टिकविण्याचा उपाय होता. मीठ लावलेला मासा शिजलेल्या भातात दाबून महिनोन्महिने आंबवीत, आणि भात टाकून मासा खात. बिवा सरोवराच्या परिसरात हा प्रकार आजही करतात. पुढे लोक भातही खाऊ लागले, आंबविण्याची जागा शिरक्याने घेतली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हाताने मूठ वळून तत्काळ द्यावयाची सुशी रूढ झाली. तिचे श्रेय हानाया योहेई यांना देतात. रस्त्यावरच्या टपऱ्यांत, घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या मिळणारी ही वस्तू होती. तेव्हा ‘दुकान साधे आहे, फार अपेक्षा करू नका’ ही सबब येथे चालण्यासारखी नाही. साधे दुकान हेच तिचे माहेर.

हा भात करण्याची रीत पाहावी. आखूड दाण्याचा, शिजल्यावर चिकट होणारा तांदूळ घेतात. अनेक पाण्यांनी धुऊन, भिजत ठेवून शिजवितात. लाकडी परातीत काढून त्यावर शिरका शिंपडतात. लाकडी उलथन्याने दाणा न मोडता कालवितात, वारा घालतात, आणि अंगाच्या उबेइतका कोमट असतानाच वाढतात. त्याला गारठ्यात ठेवीत नाहीत, कारण शिजलेल्या भातातील पिष्ट थंडीत पुन्हा आवळते व दाणा कडक होतो. हे समजण्यासाठी जपानला जाण्याची गरज नाही. फ्रिजमधला रात्रीचा भात सकाळी जिने फोडणीला टाकला आहे, त्या प्रत्येक गृहिणीला ते ठाऊक आहे.

आता आमच्या तीन जेवणांची हकीकत. पहिल्या खेपेस नातीच्या वाढदिवसाला गेलो. ताटलीत आठ वळकट्या आल्या. भात बर्फासारखा गार. दाणा लांब, बासमतीच्या जातीचा; म्हणजे मोकळे राहण्याबद्दल ज्याची कीर्ती, त्यालाच एकमेकांना धरून राहण्याचे काम दिलेले, आणि ते त्याला जमेना म्हणून मेयोनेजचा लगदा. भोवतीची नोरी ही समुद्रातल्या शेवाळाची वाळविलेली पातळ पाने. ती कुरकुरीत असावयास हवी. येथे ती ओल्या चामड्यासारखी चिवट झाली होती. आंबटपणाचा मागमूस नव्हता. नातीने दोन घास खाल्ले आणि ‘आजोबा, छान आहे हं’ म्हणाली. कारण बिल आजोबा देणार होते.

दुसऱ्यांदा गेलो तो सोमवार होता, आणि सोमवारी आमच्या घरी मासळी वर्ज्य. म्हणून शाकाहारी सुशी मागविली. पनीर, चीज आणि वर गोड-तिखट लाल चटणी असा थाट होता. भात तोच, तसाच गार. एका वळकटीत गुलाबी-पांढरा तुकडा निघाला. वाढणाऱ्यास विचारले, तेव्हा तो आश्वासक स्वरात म्हणाला, ‘साहेब, ते क्रॅब आहे, फिश नाही.’ वस्तुस्थिती अशी की, या नावाने विकल्या जाणाऱ्या कांड्या माशाच्या लगद्याला रंग व वास देऊन करतात, आणि बहुधा त्यांचा खेकड्याशी नावापुरताच संबंध असतो. तात्पर्य, आमचा सोमवारही मोडला आणि कुर्लीही मिळाली नाही.

तिसऱ्या खेपेस मुद्दाम दुपारी, गर्दी नसताना गेलो. सुशी वळणारा मुलगा पंचविशीच्या आतला, खानवेलच्या बाजूचा वारली. त्याची बोली कानाला आपल्या मराठीची सख्खी बहीण वाटते. हे काम कोठे शिकलास, असे विचारता तो म्हणाला, ‘दहा दिवसांत, मोबाइलवर बघून.’ भात सकाळीच करून फ्रिजमध्ये ठेवण्याचा मालकाचा हुकूम होता. तुला स्वतःला हा भात आवडतो का, असे विचारल्यावर तो आधी हसला, मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, ‘आमचेकडं पण थंड भात खातात, पण तो आंबवलेला. हा नुसताच थंड.’

वाचकहो, संपूर्ण प्रकरणाचा निकाल या एका वाक्यात आहे. शीत जाणणारा माणूस त्या दुकानात हजर होता. त्याला कोणी विचारले नाही, एवढेच. वारली व कोकणा समाजांत कणसरी ही धान्याची देवता मानतात. जपानात इनारी ही भाताची देवता, आणि क्योतोतले फुशिमी हे तिचे प्रसिद्ध स्थान. इनारीच्या नावाची एक सुशीच आहे: सोयाबीनच्या पनीरासारख्या वडीची तळलेली पिशवी, आणि तिच्यात आंबट भात. दुधी भोपळ्याच्या वाळविलेल्या पट्ट्या गोडसर शिजवून घातलेली सुशी आहे, नुसत्या काकडीची आहे. जपानातील बौद्ध मठांच्या स्वयंपाकात तर मांस-मच्छीच नव्हे, कांदा-लसूणही वर्ज्य असतो. आपल्या देवळांच्या पाकशाळेला इतका जवळचा सोयरा तिकडे बसला असता, त्याची ओळख आपल्याला पनीर आणि मेयोनेज करून देतात! कणसरीच्या लेकराने इनारीचा भात रांधावा, याहून सुरेख योग कोणता? पण त्या योगाचे मातेरे एका फ्रिजने केले.

हा अनुभव आम्ही देवस्थानच्या मंडळींत सांगितला, तेव्हा दोन प्रकारची उत्तरे मिळाली. एक ज्येष्ठ सद्गृहस्थ म्हणाले, ‘बरे झाले! परक्याचे खायला जावे कशाला?’ त्यांना आमचा नम्र प्रश्न आहे: नैवेद्याच्या पानावरील बटाट्याची भाजी कोठची? मिरची कोठची? काजू कोठचे? हे सारे अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आले. ज्या सत्तेने आमची देवळे पाडली, तिच्याच गलबतांतली मिरची आम्ही घेतली, शेकडो वर्षे वाटणात वाटली आणि इतकी आपली केली की आज तिच्याविना हुमण सुचत नाही. तेच पोर्तुगीज १५४३ साली जपानात पोहोचले. १५४९ साली गोव्यातूनच फ्रान्सिस झेवियर तेथे गेला. पिठात बुडवून तळण्याची कृती जपान्यांनी या पाहुण्यांकडून उचलली असे मानतात. तिचा ‘तेम्पुरा’ झाला आणि आज तो जपानी पाककलेचा अभिमान आहे. परके घेणे हा गुन्हा असता तर दोन्ही देशांचे स्वयंपाकघर ओस पडले असते. शिवाय त्या गार वळकटीवरून एका राष्ट्राच्या अन्नाला नावे ठेवणे, हा त्या अन्नावरही अन्याय आहे. परीक्षा शितावरून करावी हे खरे. पण शीत त्याच भाताचे असावे लागते.

दुसरे उत्तर तरुणांचे. ‘काका, इथल्या लोकांना असेच आवडते. चवी बदलाव्याच लागतात.’ हे ऐकावयास शहाणपणाचे वाटते, पण आहे आळसाचे. बदल करण्याचा अधिकार मूळ वस्तू जाणणाऱ्याचा. आंबेमोहोरासारखा आखूड, मऊ शिजणारा तांदूळ घेऊन, शिरक्याऐवजी कोकमाचा आंबटपणा देऊन कोणी मूठ वळली असती, तर आम्ही त्याला टोपी काढून नमस्कार केला असता. तो बदल झाला असता. बासमतीला मेयोनेजने बांधणे हा बदल नव्हे. ती अज्ञानावर घातलेली शाल आहे. आणि ‘लोकांना आवडते’ हे ठरविले कोणी? आमच्या नातीला आवडले नव्हते. ती आमच्या खिशाची भीड ठेवून बोलली.

येथपर्यंत वाचून पुष्कळांना समाधान वाटले असेल की, चला, दुसऱ्याच्या दुकानाची झडती चालली आहे. त्यांनी पुढचा भाग जरा सावरून बसून वाचावा. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण आपणच केलेली आहे.

गेल्या वर्षी आपल्याच लोकांची एक समाराधना आम्ही जेवलो. कोठली, ते सांगत नाही. प्रत्येकाला ती आपल्या गावची वाटेल. आरती साडेबारापर्यंत, मग सत्कार, मग देणगीदारांची नावे, मग भाषणे. पंगत बसली अडीच वाजता. भात कंत्राटदाराने सकाळी दहा वाजताच उतरवून ठेवलेला. त्याच्या गुठळ्या डावाने फोडून वाढल्या. दाळीतोय असा की, त्यात हिंगाचा वासही पोहोचला नव्हता. खतखत्यात तेफळे शोधावी लागली. सोलकढी पाकिटातल्या पुडीची. पान केळीचे नव्हते, कागदाचे होते, आणि ते भाताच्या गोळ्याखाली भिजून फाटले. शेजारी बसलेल्या तरुणाला विचारले, कसे आहे? तो म्हणाला, ‘काका, प्रसाद आहे, नावे ठेवू नयेत.’ हाच तरुण, ज्याने सुशीच्या बाबतीत चवी बदलतात असे सांगितले होते!

तेथे भीड बिलाची होती, येथे भीड देवाची आहे. भात मात्र दोन्हीकडे गारच. उपनिषदाने अन्नाला ब्रह्म म्हटले, ते तोंड बंद करण्यासाठी म्हटलेले नाही. जे ब्रह्म आहे, ते साडेचार तास झाकून ठेवून गुठळ्यांनी वाढावे काय? गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, नव्याच्या पंचमीला, गोव्यात आपण नव्या भाताची कणसे पुजतो. घराच्या दाराला बांधतो. कणसाला एवढा मान देणारे आपण, त्याच कणसाचे शीत झाल्यावर त्याची अशी उपेक्षा करतो. ज्या पिढीने समाराधनेत भाताची वाफ कधी पाहिलीच नाही, तिला सुशीतला भात बिघडला आहे हे कशावरून कळावे? आपण घरी शिकविले नाही, म्हणून बाहेर फसगत होते. सिल्वासातल्या त्या ताटलीचे मूळ आपल्या पंगतीत आहे, हे आम्हांला तिसऱ्या खेपेनंतर, त्या वारली मुलाचे बोलणे ऐकून उमजले. त्याच्या घरात परीक्षा शाबूत होती. आपल्या घरात ती आहे की नाही, याची आम्हांला आता खात्री नाही.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. उपाहारगृहात भात गार आला तर ताटली शांतपणे परत करावी आणि कारण सांगावे. मालक हुकूम बदलेल, आणि त्या मुलाच्या हाताला त्याचे ज्ञान वापरता येईल. देवस्थानच्या मंडळींनी भाषणे पंगतीनंतर ठेवावीत. कंत्राट देताना दराबरोबर भात किती हप्त्यांत आणि किती वाजता शिजणार, तेही लिहून घ्यावे. पाकशाळेत समाजातील एखाद्या जाणत्या मावशींना किंवा काकांना उभे करावे, आणि त्यांच्या हाताखाली चार मुलेमुली द्यावीत, म्हणजे पाणी कधी आटले, दाणा कधी फुलला, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. यांपैकी एकाही गोष्टीला देणगीची गरज नाही.

पुढची समाराधना फार दूर नाही. त्या दिवशी आम्ही नातीला घेऊन येणार आहोत आणि पहिला घास घेतल्यावर तिला विचारणार आहोत. बिल आजोबांचे नसल्यामुळे ती खरे बोलेल.